सोयरिकींचा पट
जळगावच्या एका दुकानातून आणलेला, युरोपातील राजघराण्यांच्या सोयरिकींवरचा हा पटखेळ आम्ही चौघांनी भरीत-पुरीच्या रात्री खेळून पाहिला. प्रत्यक्ष इतिहासात कॅस्टील व अ‍ॅरागॉन (ज्यांतून स्पेन घडला ती दोन राज्ये) आणि पोर्तुगाल या तिन्ही गाद्यांचा वारस मिगेल वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच, १५०० मध्ये वारला आणि पुढे स्पेनची गादी मावशी हुआनाच्या मुलाकडे, हाब्सबर्ग घराण्यातील चार्ल्सकडे गेली. येथे मात्र फासे अनुकूल पडल्यास मिगेल जगतो, स्पेन व पोर्तुगाल एका छत्राखाली येतात आणि चार्ल्सला बर्गंडी-ऑस्ट्रियावरच समाधान मानावे लागते. हा डाव अप्रतिम रंगतो; युद्धाचे नियम कंटाळवाणे आहेत. हुंड्याचे पत्ते तर इतके पातळ, की भरिताचे तेल पहिल्याच डावात मागच्या बाजूला उमटले.