क्लिप्श आरपी-५०२एस: मोठ्या खोलीत सराउंड लावायचे कुठे?

मोठ्या खोलीत सराउंड स्पीकरची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या बाजूला आणि मागे लागणाऱ्या स्पीकरची, जागा बहुतेक वेळा भिंतच ठरवते. मागची भिंत दिसली की 'बॅक' तिकडे, बाजूची दिसली की 'साइड' इकडे, आणि उंची दाराच्या चौकटीवर. बारा बाय पंधराच्या खोलीत हे कसंबसं चालून जातं. २० फूट रुंद, ३० फूट लांब हॉलमध्ये मात्र पैसे वाया जातात. क्लिप्श कंपनीची आरपी-५०२एस ही सराउंड स्पीकरची जोडी अशाच खोलीसाठी विचारली जाते, म्हणून तिच्याकडे त्याच खोलीत पाहू. (आता हिची दुसरी पिढीही निघाली आहे. मांडणीचा हिशोब बदलत नाही.)

एका पेटीत जाड स्वरांसाठी सव्वापाच इंची दोन वूफर आणि तिखट स्वरांसाठी हॉर्नमध्ये (भोंग्यात) बसवलेले एक इंची दोन ट्वीटर आहेत. एक वूफर-ट्वीटर तिरका पुढे तोंड करून, दुसरा तिरका मागे. दोन्ही बाजू एकाच फेजमध्ये (एकाच वेळी हवा पुढे ढकलत) वाजतात, म्हणजे हा बायपोल प्रकार झाला. जुन्या डायपोलमध्ये दोन बाजू उलट फेजमध्ये असल्याने मध्ये आवाजाचा खड्डा पडायचा आणि ऐकणाऱ्याने मुद्दाम त्या खड्ड्यात बसायचं असायचं. इथे तसं नाही. तरी खुर्ची पेटीच्या अगदी समोर आली की दोन हॉर्नचे आवाज एकमेकांत मिसळताना काही स्वर उठतात, काही दबतात. एकच रांग असेल आणि पेटी बरोबर तिच्या रेषेत लावायची असेल, तर साधा एकतोंडी स्पीकर घ्यावा. डॉल्बीही अ‍ॅटमॉससाठी (छतातूनही आवाज देणाऱ्या तिच्या पद्धतीसाठी) एकतोंडीच सुचवते.

मग हिचा उपयोग कुठे? दोन रांगांच्या मध्ये.

समजा, पहिल्या रांगेचे कान पडद्याच्या भिंतीपासून १३ फुटांवर आणि दुसरीचे १९ फुटांवर आहेत. सात चॅनेलच्या मांडणीत (समोर तीन, बाजूला दोन, मागे दोन) साइड सराउंड ९० ते ११० अंशांत हवेत. शून्य अंश म्हणजे पडदा, आणि कोन मोजायचा तो मुख्य खुर्चीवरून. खोलीच्या मध्यापासून भिंत १० फूट, म्हणून पहिल्या रांगेच्या ३ फूट मागे पेटी लावली की कोन येतो १०७ अंश. दुसऱ्या रांगेला तीच पेटी ७३ अंशांवर, म्हणजे थोडी पुढे पडते. एकतोंडी स्पीकर पहिल्या रांगेकडे वळवला की दुसरी रांग त्याच्या कडेला जाते आणि तिला तिखट स्वर कमी मिळतात. आरपी-५०२एसचा पुढचा हॉर्न पहिल्या रांगेला आणि मागचा दुसऱ्या रांगेला मिळतो. या पेटीचं सगळं मोल या एका जागेत आहे.

याची किंमतही मोजावी लागते. उजव्या खांद्यामागून गेलेली गोळी नेमकी कुठून गेली हे एकतोंडी स्पीकर जितकं टोकदार दाखवतो, तितकं ही पेटी दाखवत नाही. पाऊस, जमाव, विमानतळाचा गलका यात ती उत्तम. शिवाय क्लिप्शच्या हॉर्नला स्वतःची चमक आहे. समोरचे तीन स्पीकर मऊ घुमटाच्या ट्वीटरचे असतील, तर पुढून बाजूला सरकणाऱ्या मोटारीचा आवाज वाटेत बदलतो. पुढे क्लिप्श नसेल, तर ही जोडी घेऊ नये.

उंचीबाबत एक जुना सल्ला फिरत असतो: कानाच्या दोन-तीन फूट वर. त्यामागचं कारण अरुंद खोलीतलं आहे. १४ फूट रुंद खोलीत कडेच्या खुर्चीवरचा माणूस एका भिंतीपासून ३ आणि दुसरीपासून ११ फुटांवर असतो. भिंतींचे पडसाद सोडून नुसत्या अंतराचा हिशोब केला, तर दोन्ही बाजूंच्या आवाजात ११ डेसिबलचा फरक पडतो. पेटी २ फूट वर नेली की तो १० च्या खाली येतो. २० फुटी खोलीत तीच अंतरं ६ आणि १४ होतात, फरक मुळातच ७.४ डेसिबल, आणि पेटी वर नेऊन तो जेमतेम ७ होतो. म्हणजे मोठ्या खोलीत उंचीने फारसं काही हाती लागत नाही. शेजाऱ्याचं डोकं आणि रिक्लायनरची पाठ आड येऊ नये इतकंच पाहायचं. पहिल्या रांगेचे कान साडेतीन फुटांवर आणि एक फुटी प्लॅटफॉर्ममुळे दुसरीचे साडेचारवर असतील, तर हॉर्नचा मध्य सव्वापाच फुटांवर पुरतो.

छतात अ‍ॅटमॉसचे स्पीकर असतील, तर हे जास्तच महत्त्वाचं. सव्वापाच फुटांवरची पेटी मुख्य खुर्चीवरून साधारण १० अंश वर दिसते आणि छतातला स्पीकर ४५ अंशांवर. सुताराने सवयीने ती आठ फुटांवर ठोकली की २३ अंश होतात. मग हेलिकॉप्टर वर आहे की बाजूला, हे कानाला कळेनासं होतं.

बॅक सराउंडसाठी मात्र आरपी-५०२एस नको. त्याच घराण्यातले आरपी-५००एम हे साधे बुकशेल्फ घ्या. ते मागच्या भिंतीवर लावायचा मोहही टाळा. बॅकला १३५ ते १५० अंश हवेत. पहिल्या रांगेपासून मागची भिंत १७ फूट लांब आहे, म्हणून १५० अंश साधायचे तर स्पीकर थेट कोपऱ्यात जातात, आणि तिथे आवाज घुमतो. मधल्या रेषेपासून पाच-पाच फुटांवर लावले तर कोन १६४, मग दोन स्पीकरचा एकच झाल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा दुसऱ्या रांगेच्या ४ फूट मागे, स्टँडवर, मध्यापासून साडेआठ-साडेआठ फुटांवर ठेवले की १४० अंश मिळतात. मागची सात फूट जागा मोकळी राहिली तर राहू द्या.

जोराबद्दल. कंपनी ९५ डेसिबल संवेदनशीलता (एका वॉटवर एक मीटर अंतरावर मिळणारा जोर) सांगते. हा आकडा उदार आहे, ३ डेसिबल कमी धरून चाला. १० फुटांवर दहाच्या आसपास डेसिबल जातात. सिनेमाच्या रेफरन्स पातळीच्या, म्हणजे सिनेमागृहासाठी ठरवलेल्या जोराच्या, १० डेसिबल खाली ऐकलं, तरी शिखरांना २० वॉटच्या आसपास लागतात. ८७ डेसिबलच्या स्पीकरला त्याच जागी ६० च्या पुढे लागले असते. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवा. दोन्ही रांगांना स्वतंत्र साइड जोडी द्यायची असेल, तर ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडून रिसीव्हरवर ४ ओहमचा भार टाकू नका. रिसीव्हरच्या प्री-आउटवरून (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठीच्या जोडणीवरून) वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या.

वायर १५ मीटरची असेल, तर अडीच चौरस एमएमची तांब्याची टाका. जाऊन-येऊन ०.२२ ओहम रोध होतो. दीड एमएममध्ये तोच ०.३६, म्हणजे चालेल पण कडेवर. २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपात नको.

पेटी मागच्या खाचेतून स्क्रूवर टांगायची असल्याने नंतर वळवता येत नाही. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीत विटांसाठीचा साधा प्लग सैल होतो, त्या ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग मिळतो तोच वापरा. पेटीच्या एका बाजूला जाड पडदा आणि दुसऱ्या बाजूला उघडी भिंत असेल, तर एक हॉर्न गिळला जातो. दोन्हीकडे निदान तीन फूट सारखीच जागा सोडा. भिंतीला भोक पाडण्याआधी पेटी सुताराच्या घोडीवर सव्वापाच फुटांवर उभी करा, रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा आणि दोन्ही रांगांच्या कडेच्या खुर्च्यांवर बसून ऐका. गरज पडली तर घोडी अर्धा फूट पुढे-मागे सरकवा, आणि मगच पेन्सिलीने खूण करा.