आईची स्लीप स्टडी केली, क्लिनिकचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आईला झोपेचा त्रास होता म्हणून पुण्यातल्या या स्लीप क्लिनिकमध्ये आलो. डॉक्टर मॅडमना पूर्ण मार्क, एक स्टार कापला तो मशीनवाल्यामुळे, ते खाली लिहिलंय.

आई साठीच्या पुढची. रात्री दोन-तीनला जाग यायची ती टक्क जागीच, सकाळी डोकं जड आणि दुपारी टीव्हीसमोर पेंगायची. आधी जिथे जिथे दाखवलं तिथे एकच, वय झालं, टेन्शन घेऊ नका, आणि झोपेची गोळी. गोळीने झोप लागायची पण सकाळी अजूनच गळून गेल्यासारखं व्हायचं. ती मोठ्याने घोरत नाही त्यामुळे स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं) कोणाच्या डोक्यातच आला नाही, तो जाड मानेच्या पुरुषांनाच होतो असं सगळे धरून चालतात.

इथे मॅडमनी आधी नीट ऐकून घेतलं. एपवर्थ स्केलचा फॉर्म भरून घेतला, ८ प्रश्न, २४ मार्क, १० च्या वर गेलं तर दिवसाची पेंग प्रमाणाबाहेर समजतात. रात्री लघवीला किती वेळा उठता हे पण विचारलं, मला कळेना याचा झोपेशी काय संबंध, तर श्वास अडकत राहिला की हृदयावर ताण येतो आणि त्याने लघवी जास्त होते म्हणे. पाळी गेल्यावर बायकांमध्ये ॲप्निया वाढतो, आणि बायका घोरण्याचं सांगत नाहीत, झोप नाही, थकवा, डोकं दुखतं एवढंच सांगतात म्हणून निसटतो. आईच्या डोळ्यात पाणीच आलं, इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपलंच मन कमकुवत आहे.

टेस्ट रात्रभराची. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप. रात्री टेक्निशियन ताईच होत्या, काकू घाबरू नका, थोडी झोप लागली तरी पुरतं असं सांगत सांगत सगळं लावलं, आईला त्याने फार धीर आला. रिपोर्टमध्ये एएचआय २२ आला म्हणजे तासाला २२ वेळा श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा एकदम कमी होतो (५ च्या आत नॉर्मल, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर). आणि अशा पेशंटमध्ये झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू अजून सैल पडू शकतात! मॅडमनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली, एकदम बंद करायची नाही हे दोनदा बजावलं.

आता तक्रार. रिपोर्ट हातात पडतोय तोवर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) विकणारा माणूस केबिनबाहेर हजर, आजच घ्या म्हणून मागेच लागला. घाबरलेल्या घरच्यांना असं गाठणं मला अजिबात पटलं नाही, क्लिनिकने हे थांबवायलाच पाहिजे. मॅडमना सांगितल्यावर त्या म्हणाल्या आधी भाड्याने घ्या, मास्क बदलून बघा, मग ठरवा. ते बरं झालं, कारण तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये आई गुदमरायची, नुसत्या नाकाचा बसला. आता सकाळी डोकं दुखत नाही आणि दुपारची पेंग गेली.

खर्च आहे, टेस्टचं बिल पाच आकडी होतं, इन्शुरन्सवाल्यांना आधीच विचारून ठेवा.

जाणार असाल तर टेस्टच्या दिवशी केसांना तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. दुपारनंतर चहा नको, चालू गोळ्यांची यादी आणि स्वतःची उशी न्या. सोबतच्या माणसाला फक्त खुर्ची मिळते, पांघरूण घरून न्यावं लागतं, एसी फार गार असतो.