मंचापासून सहाव्या ओळीत: ‘सवाई’मधील भारतीय बैठक

पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाणाऱ्या रसिकांत खुर्चीवाले आणि बैठकवाले असे दोन पंथ आहेत आणि गेली अनेक वर्षे मी दुसऱ्या पंथात आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव २०१८ पासून रमणबाग शाळेऐवजी मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. जागा बदलली, तरी खुर्चीपेक्षा स्वस्त असे भारतीय बैठकीचे तिकीट टिकून आहे, ही आनंदाची गोष्ट. हे परीक्षण त्या बैठकीपुरतेच आहे, आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी आहे: मंचाच्या जितके जवळ बसावे तितके गाणे अधिक मिळते काय?

बैठकीत जागांना क्रमांक नसतात; जो आधी येईल त्याची जागा. त्यामुळे प्रवेशद्वार उघडताच सतरंज्या, शाली आणि प्रसंगी नुसते हातरुमाल टाकून जागा धरण्याची जी लगबग चालते, ती पाहून एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या कोणालाही आपल्या माणसांत आल्यासारखे वाटेल. तासभर आधी पोहोचल्यास पुढच्या ओळींत जागा मिळण्याची आशा धरता येते. जवळच्या स्वारगेटपर्यंत मेट्रो आल्यापासून वाहन लावण्याची चिंता उरलेली नाही आणि तेवढा वेळ रांगेत उभे राहण्यासाठी वापरता येतो.

जवळ बसण्याचे खरे मोल गाणे सुरू होण्याआधीच कळते. मागे बसलेल्यांना जो वेळ केवळ खोळंबा वाटतो, त्या वेळात पुढे बसलेल्याला तानपुरा लागताना ऐकू येतो: शिष्य जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा षड्जावर (‘सा’वर) आणतात, नाद खुलावा म्हणून घोडीवर तारांखाली घातलेला जवारीचा दोरा केसभर सरकवतात, गायक डोळे मिटून ऐकतो आणि नकारार्थी मान हलवतो, तबलजी हातोडीने गाजरा, म्हणजे तबल्याच्या पुडीभोवतीचा चामडी गोफ, ठोकून पुन्हा चाट (पुडीची कड) वाजवून पाहतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली की गायक आणि तबलजी यांच्यात जी नजरानजर होते, ती पडद्यावर क्वचितच सापडते, कारण कॅमेरा त्या क्षणी बहुधा गायकाच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो. पेटीवाल्याने एखादी हरकत तंतोतंत उचलल्यावर गायकाने हलकेच उचललेली भुवई पाहायची असेल, तर पुढे बसण्याला पर्याय नाही.

मात्र ‘पुढे’ म्हणजे पहिली ओळ नव्हे. कलाकार मंचावर मांडी घालून बसलेले असतात आणि आपण जमिनीवर, त्यामुळे अगदी पुढे बसल्यास मान वर करून पाहावे लागते आणि मंचाच्या कडेला कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाआड, म्हणजे मॉनिटरआड, तबलजीचे हातच झाकले जातात. माझ्या अनुभवाने पाचवी ते आठवी ओळ उत्तम. बाजूही विचारपूर्वक निवडावी. ख्यालगायनात तबला सामान्यतः गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे असतो आणि तबलजी गायकाकडे किंचित वळून बसतो. म्हणून त्याचे दोन्ही हात मध्यापासून थोडे उजवीकडे, पेटीच्या बाजूला बसणाऱ्यालाच नीट दिसतात. तबल्याचे विद्यार्थी हौसेने डावीकडे गर्दी करतात आणि तबलजीचा उजवा खांदा पाहून परत जातात.

आता आवाजाविषयी. कोणत्याही मोठ्या मांडवात मुख्य ध्वनिक्षेपक मंचाच्या दोन्ही अंगांना असतात आणि त्यांचा रोख मागच्या श्रोत्यांकडे असतो. खुल्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. या हिशेबाने एकाच ध्वनिक्षेपकापासून ५ मीटरवर आणि ४० मीटरवर बसलेल्या श्रोत्यांत १८ डेसिबलचा फरक पडतो. म्हणूनच मंचाजवळचे दोन्ही कोपरे कटाक्षाने टाळावेत, तेथे द्रुत तराण्यानंतर कान भणभणतात. पुढच्या ओळींच्या मध्यभागी याच्या उलट घडते: मुख्य आवाज दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि मॉनिटरमधून परतणारा आवाज व मंचावरचा मूळ नाद यांचे मिश्रण कानी पडते. सर्वांत समतोल आवाज ऐकायचा असेल, तर ध्वनिसंयोजकाच्या टेबलाजवळ बसावे, कारण तो सारे काही स्वतःच्या कानाने जुळवत असतो. मी एक संध्याकाळ तेथे काढली. गाणे निर्दोष ऐकू आले आणि माझे लक्ष तीनदा खाद्यपदार्थांच्या दालनाकडे गेले.

तुलनेसाठी एक दुसरा अनुभव सांगते. एका शहरातील मैदानावर झालेल्या चित्रपटगीतांच्या जलशाला मी मंचालगतच्या ‘फॅन पिट’चे सर्वांत महाग तिकीट काढून गेले होते. तेथे सारेच उभे असतात आणि सारेच मोबाइल उंचावतात, त्यामुळे पाच फूट उंचीच्या मला तो गायक बव्हंशी पुढच्या गृहस्थांच्या मोबाइलच्या पडद्यावरच दिसला. बैठकीची थोरवी अशा वेळी कळते: सर्व जण जमिनीवर बसले की उंच-ठेंगण्यांतला फरक निम्म्याहून कमी होतो.

बैठकीची किंमत गुडघे मोजतात. डिसेंबरच्या थंडीत सतरंजीखालून गारठा वर येतो, पाठीला टेकू नसतो आणि चहासाठी उठल्यास परतेपर्यंत जागा आक्रसलेली असते. जाड आसन, शाल आणि थर्मास ही तीन साधने असल्यास सलग चार तास निभावतात; ज्यांना मांडी घालणे शक्य नाही, त्यांनी हट्ट न करता खुर्ची घ्यावी. रात्रभर मैफल रंगण्याचा काळ ध्वनिक्षेपकावरील रात्री १० च्या मर्यादेमुळे सरला, याचे दुःख माझ्या कानांना आहे, कमरेला नाही.

महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने होते. त्या वेळी कोणी गात नसते, आवाज केवळ ध्वनिक्षेपकांतून येतो आणि वर सांगितलेल्या हिशेबाने पुढच्या जागेचा काडीइतकाही लाभ नसतो. टेबलाजवळ जाऊन ऐकावे, असा विचार माझ्या मनात आला होता, पण सहाव्या ओळीतून कोणीच उठले नाही आणि मीही उठले नाही.