‘अँटिक ब्रास’ म्हणजे पितळ नव्हे

जेवणाच्या टेबलावर लटकवायला मेटलचा पेंडंट लाइट हवा होता. ऑनलाइन एक दिसला आणि डोक्यात बसला. घंटेच्या आकाराची मोठी शेड, आतून सोनेरी, बाहेरून जुन्या भांड्यासारखी काळपट. नावातच ‘अँटिक ब्रास’, खाली ‘हातघडीचा’. तरी खात्री करावी म्हणून विक्रेत्याला फोन केला. ‘पितळच आहे ना?’ ‘हो हो, अस्सल पितळ, बघा तर खरं.’ हे त्याच्याकडून लेखी घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, आणि पुढे सगळं तिथेच अडकलं.

खोका उघडला तेव्हा पहिल्यांदा आकार खटकला. फोटोत सहा जणांच्या टेबलावर शोभणारी शेड हातात आली ती मोठ्या वाटीएवढी. फोटो पुन्हा नीट पाहिला, तर टेबलावरच्या फुलदाणीची सावली पडलेली, दिव्याची मात्र कुठेच नाही. कुणाच्या तरी खोलीच्या फोटोवर दिवा चिकटवला होता. मापं पानाच्या तळाशी होती, मीच वाचली नव्हती. तेवढी चूक माझी.

मग फ्रिजवरचं चुंबक काढून शेडला लावलं. टक्कन बसलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. हा लोखंडी पत्रा होता, वर पितळी रंगाचा मुलामा. वजनावर भरवसा ठेवून मी आधी फसलो होतो, कारण पितळ आणि लोखंड यांच्या घनतेत फार फरक नाही, घनसेंटीमीटरला साधारण ८.५ आणि ७.८ ग्रॅम. हाताला कळत नाही. ॲल्युमिनियमची शेड असती तर चुंबक चिकटलं नसतं, पण त्याची घनता २.७, म्हणजे उचलताच हलकं लागलं असतं. आतून बोट फिरवलं तर वरपासून खालपर्यंत एक जोड लागला, वेल्डिंग करून घासलेला. साच्यावर फिरवत घडवलेल्या शेडला असा उभा जोड नसतो. आत बारीक गोल रेघा दिसतात.

इथवर रागच होता. भीती नंतर वाटली.

दिवा लावून आठवडाही झाला नसेल. शेड पुसायला हात लावला आणि झटका बसला. वायरमनने टेस्टर टेकवला, तो पेटला. दिवा उतरवून उघडला, तर होल्डरकडे दोनच वायरी. अर्थिंगची तिसरी नाहीच. छताकडच्या टोपीत वायर जिथून आत जाते त्या भोकाला रबरी कडं नव्हतं. पत्र्याच्या धारेने वरचं आवरण चिरलं होतं आणि फेजची तार पत्र्याला टेकली होती. अर्थिंग असतं तर तार टेकताक्षणी एमसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारा स्विच, पडला असता. इथे अख्खी शेड गुपचूप ‘लाइव्ह’ होऊन आमच्या डोक्यावर लोंबत होती. दोनच वायरींचे दिवे असतात, नाही असं नाही. पण ते दुहेरी इन्सुलेशनचे असतात आणि त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. माझ्या दिव्यावर खूण सोडाच, किती वॉटचा बल्ब चालेल हेही लिहिलेलं नव्हतं. ‘डिझायनर’ एवढा एक शब्द तेवढा खोक्यावर ठळक.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की ‘अँटिक ब्रास’ हे फिनिशचं नाव आहे, धातूचं नव्हे. खरं आहे, या धंद्यात ते फिनिशलाच म्हणतात, पण मग फोनवरचं ‘अस्सल पितळ’? ‘असं कोण बोललं?’ परत घेण्याचं विचारलं, तर वस्तू ऑर्डरप्रमाणे बनवलेली, परत नाही. झटक्याबद्दल उत्तर: ‘तुमच्या वायरमनने लावताना काहीतरी केलं असेल.’ त्यानंतर फोन उचललाच नाही.

चिरलेल्या वायरीचे, जोडाचे आणि चिकटलेल्या चुंबकाचे फोटो मी जपून ठेवलेत. तक्रारीत आता तेच कामाला येताहेत. शेड माळ्यावर आहे, चुंबक अजून तिच्यावरच. परवा ते पान सहज उघडलं: तोच फोटो, तेच नाव, फक्त ‘हातघडीचा’ हा शब्द गायब.