चेन चेकर: एक पावसाळा वापरून झाल्यावर

गिअरची सायकल रोज चालवणाऱ्याने पंक्चरच्या सामानानंतर काय घ्यावं, असं कुणी विचारलं तर मी चेन चेकर, म्हणजे चेनची झीज मोजायचं साधन, सांगतो. माझ्याकडे पार्क टूल कंपनीचा सीसी-३.२ आहे. उन्हाळ्यात घेतला, मधे अख्खा पावसाळा गेला, आता थंडी सरत आलीय. सायकल हायब्रिड. पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे आठ गिअर, सगळं शिमानो कंपनीच्या अल्टस मालिकेचं. रोजचं ऑफिस आणि रविवारी बोपदेव घाट नाहीतर सिंहगड पायथा.

वस्तू म्हणाल तर पोलादाची एक पट्टी. एका बाजूला ०.५, दुसऱ्या बाजूला ०.७५. एक टोक चेनच्या कड्यात अडकवायचं आणि दुसरं हलकेच खाली सोडायचं. ते कडीवर अडून राहिलं तर चेन ठीक आहे. अलगद आत बसलं तर चेन तेवढे टक्के लांबली. चेन लांबते म्हणजे पोलाद ताणलं जात नाही. आतल्या पिना झिजतात, प्रत्येक सांधा किंचित ढिला होतो आणि ते सगळं साचत जातं. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पाऊण टक्का झीज म्हणजे त्यात जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची भर. डोळ्यांना ती दिसत नाही, पण कॅसेटचे (मागच्या चकत्यांच्या संचाचे) दाते मात्र तेवढ्यानेच खाल्ले जातात.

खरा उपयोग झाला तो गिअर त्रास द्यायला लागल्यावर. सायकल दुकानात नेली की बहुतेक ठिकाणी आधी स्क्रूड्रायव्हर निघतो आणि डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचे) दोन बारके स्क्रू फिरवले जातात. त्या स्क्रूंचं काम फक्त हद्द ठरवण्याचं: चेन सगळ्यात लहान चकतीच्या बाहेर पडू नये आणि सगळ्यात मोठीच्या पलीकडे स्पोकमध्ये जाऊ नये. मधल्या गिअरमध्ये चेन उड्या मारत असेल तर त्यांना हात लावून काही होत नाही, उलट जुळलेली हद्द बिघडते. म्हणून मी आधी चेन मोजतो. ती ठीक निघाली की मग त्रास नेमका कधी होतो ते बघतो.

ऐन पावसाळ्यात माझा मागचा गिअर मोठ्या चकतीवर व्यवस्थित चढायचा, पण लहानवर उतरायला तयार नसायचा. शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) ‘टक’ वाजायचा, चेन जागेवरच, आणि दोन पेडल मारल्यावर एकदम खाली पडायची. चेकर ०.५ ला सुद्धा आत जात नव्हता, म्हणजे चेनवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. मोठ्या चकतीवर जाताना केबल आपला अंगठा ओढतो; लहानवर येताना ती डिरेलरच्या स्प्रिंगला एकटीला ओढावी लागते. केबल घासत असेल तर त्रास उतरतानाच आधी दिसतो. मागच्या चाकाजवळ आउटरचा (केबलवरच्या आवरणाचा) जो वळसा असतो तो सोडवला. केबल बाहेर काढली तर तेवढ्या भागावर तांबूस चिखलाचा थर, आणि आउटर उलटा धरल्यावर त्यातून गंजाचं पाणी ठिबकलं. नवी १.२ मिलिमीटरची केबल आणि ४ मिलिमीटरचा आउटर टाकला, गिअर लोण्यासारखे पडायला लागले. आउटर घेताना गिअरचाच मागा. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दबते, मग गिअर कधीच नेमका बसत नाही. गिअरच्या आउटरमध्ये तारा सरळ असतात.

उलट, चढतानाच आळस होत असेल तर केबल सैल आहे. डिरेलरपाशी केबल शिरते तिथली गोल चकरी सायकलमागे उभं राहून डावीकडे अर्धा पिळा फिरवायची, बास.

ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर एखादी कडी आखडलेली असते. ११२ कड्यांची चेन पुढच्या ३८ च्या चकतीवर असली की पेडलच्या साधारण तीन फेऱ्यांत तीच कडी परत येते, झटकाही तसाच येतो. पेडल हळूहळू उलटं फिरवून डिरेलरच्या खालच्या चाकाकडे बघा, ती कडी जाताना ते उसळतं. हाताने आडवी वाकवून तेलाचा थेंब सोडला की बहुतेकदा मोकळी होते.

हा चेकर सगळं सांगत नाही. कॅसेट झिजलीय का ते त्याला कळत नाही. नवी चेन टाकल्यावर चढावर एक-दोनच गिअरमध्ये ती घसरायला लागली तर दोष त्या चकत्यांचा. सायकल उजव्या अंगावर पडून हँगर (ज्यावर डिरेलर बसतो तो तुकडा) वाकला असेल तर तेही मागून नजरेनेच बघावं लागतं: डिरेलरची दोन चाकं आणि वरची चकती एका रेषेत हवीत. शिवाय रोलरचा (कडीतल्या फिरत्या नळीचा) ढिलेपणाही मोजात धरला जात असल्यामुळे खऱ्यापेक्षा झीज थोडी जास्त दिसते. तीन ठिकाणी टेकणारे चेकर यात जास्त अचूक.

स्टीलच्या फूटपट्टीनेही मोजता येतं, पण चेन पुसून, ताणून, वाकून पिना मोजत बसावं लागतं. चेकर तेल घालताना सहज लावून होतो, म्हणून मोजणं टळत नाही. आठ ते दहा गिअरवाल्यांनी ०.७५ ची बाजू आत गेली की चेन बदलावी. अकरा-बारा गिअरच्या चेन पातळ आणि कॅसेट महाग, तिथे ०.५ लाच बदललेली बरी.