जुना व्हेप, पुन्हा चार दिवस

गुढीची काठी काढायला माळ्यावर चढलो तर तिच्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाताला लागला. आत माझा २०१६ सालचा व्हेप, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट: काळा चौकोनी मोड (सेल आणि बटण असलेला भाग), लिक्विड भरायचा काचेचा टँक, तारेचं रीळ, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि लिक्विडची एक न फोडलेली बाटली. डबा खाली घेऊन आलो, तिथेच चुकलो. ज्यांच्या कपाटात असा एखादा पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी इंदूरला सियागंजात एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढायचो. त्या या यंत्रामुळे सुटल्या, हे मी आजही मानतो. दोन वर्षांनी हेही सुटलं. पुढे २०१९ मध्ये देशात ई-सिगारेटवर बंदी आली. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळंच कायद्यानं बंद. मला त्याचं काही वाटलं नाही, तोवर मी मोकळा झालो होतो. यंदा मार्च-एंडिंगला उशिरापर्यंत बसावं लागलं आणि चहाच्या टपरीवर मित्राची एक, मग दोन सिगारेटी सुरू झाल्या. वाटलं, ज्यानं एकदा सोडवलं तोच पुन्हा सोडवेल.

वस्तू म्हणून तक्रार नाही. मोड धातूचा, हातात भरल्यासारखा वाटतो, बटण अजून टक्कन वाजतं. टँकच्या रबरी रिंगा मात्र कडक होऊन चिरल्या होत्या. सेल १८६५० चा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, चांगल्या टॉर्चमध्ये असतो तोच. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. माझा मल्टिमीटरवर दोनच्याही खाली गेलेला. इतका उतरलेला लिथियम सेल पुन्हा चार्जला लावू नका, आतून बिघडलेला असतो आणि पेट घेऊ शकतो. त्यात वरचं प्लास्टिकही फाटलेलं. असा सेल खिशात किल्ल्यांना लागला तर शॉर्ट होतो. नवा घ्यायला जेल रोडवर गेलो. पहिल्याच दुकानात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) छापलेला सेल पुढे केला. या आकाराच्या सेलात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतं, त्यामुळे तो आकडा वाचूनच बाहेर पडलो. तिसऱ्या दुकानात २५०० चा साधा मिळाला.

लिक्विड तापवणारी तारेची कॉइल हातानं गुंडाळली. सात वेढे, साधारण ०.८ ओहम. कापूस किती सैल भरायचा हे बोटांना आठवत होतं. घट्ट भरला की लिक्विड चढत नाही आणि जळका घोट थेट घशात बसतो. तो अर्धा तास मी फार आनंदात होतो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मला आठवण येत होती ती याच कामाची, ओढण्याची नव्हे.

लिक्विडमध्ये निकोटिन मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम, बाकी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि आंब्याचा स्वाद. इतक्या वर्षांत त्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता, कारण निकोटिन जुनं झालं की काळवंडतं. आंबा कुठेच नाही, घशाला मिऱ्यासारखं लागलं. ओतून द्यायला हवं होतं. मी ओढलं.

या मोडच्या पडद्यावर झुरके मोजले जातात. पहिल्या दिवशी १४०, चौथ्या दिवशी २६०. एका सिगारेटचे दहा-बारा झुरके धरले, तर दोन सिगारेटी थांबवायला मी वीसहून जास्त सिगारेटींइतक्या वेळा हात तोंडाकडे नेला. सिगारेट संपते, थोटूक टाकावं लागतं, माणूस उठून कामाला लागतो. हे संपत नाही. २०१६ मध्ये मी बाराच्या जागी हे धरलं होतं म्हणून उतरलो. या वेळी दोनाच्या जागी धरलं आणि चढलो.

बायको तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, तुमच्या शर्टाला परत तो गोड वास येतोय.” मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, ‘बाबांची वाफ’ म्हणत त्यात हात फिरवायची. आता ती मोठी झालीय, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभा राहून ओढत होतो. चौथ्या रात्री २६० चा आकडा तिथेच वाचला आणि खाली आलो.

सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ वर दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. पहिली सिगारेट कधी, कोणाबरोबर, चहा सोबत असतो का, एवढंच विचारलं आणि टपरी काही दिवस टाळायला सांगितलं. औषधांच्या दुकानातून २ मिलिग्रॅमची निकोटिन गोळी, म्हणजे निकोटिनचं च्युइंगम, आणलीय. ती साध्या च्युइंगमसारखी सतत चावायची नसते. चार वेळा चावून झणझणलं की गालात दाबून ठेवायची. चव वाईट आहे, पण दिवसाला तीनवर भागतंय.

लिक्विड राखेत जिरवून पिशवीत बांधलं. दोन्ही सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीशी उभा राहिलो. ओला, सुका झाल्यावर हे कुठे टाकू म्हणून विचारलं, तर गाडीवाला म्हणाला, “भिया, ये अलग डब्बे में,” आणि मोड, टँक, सेल माझ्या हातून घेऊन त्यानं स्वतःच आत ठेवले.