वॉशिंग मशीन बाथरूममध्ये की बाहेर? लहान घरासाठी तुलना

लहान घरात वॉशिंग मशीनला जागा शोधताना नजर आधी बाथरूमकडेच जाते. नळ तिथे, सांडपाण्याची जाळी तिथे, मळके कपडेही तिथेच उतरतात. मग स्वयंपाकघरातलं कपाट किंवा बाल्कनीचा कोपरा कशाला अडवायचा, हा प्रश्न रास्तच आहे. माझं मत आधीच सांगायचं तर, धुणं बाथरूममध्ये आणायला हरकत नाही, वाळवणं मात्र आणू नये. आणि बाथरूम एकच व माणसं चार-पाच असतील, तर धुणंही बाहेरच बरं.

आधी टेप काढा

फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंमी रुंद, ८५ सेंमी उंच आणि ५५ ते ६० सेंमी खोल असतं. मागे पाइप वळायला आणखी पाच-दहा सेंमी धरा. ४०-४५ सेंमी खोलीची सडपातळ मॉडेल्स मिळतात, पण त्यांत कपडे कमी मावतात आणि चादरी-पांघरुणांच्या वेळी ते जाणवतं. समोर दार उघडून, वाकून कपडे काढायला ९० सेंमीच्या आसपास मोकळी जागा हवी. टॉप लोडला समोर इतकी जागा लागत नाही. त्याचं झाकण वर उघडतं, आणि उघडल्यावर एकूण उंची सव्वा मीटरच्या पुढे जाते. वर गीझर किंवा फळी असेल तर तिथे पंचाईत.

एक माप मात्र हमखास राहून जातं: बाथरूमच्या दाराचं. दार ७५ सेंमीचं म्हणतात तेव्हा बहुधा चौकट मोजलेली असते. चौकटीचे खांब, पल्ल्याची जाडी आणि कडी-हँडल वजा केलं की मोकळी वाट ६५-६८ सेंमी उरते. साठचं मशीन त्यातून सरळ जाईलही, पण आत शिरल्या शिरल्या वळायचं असेल आणि समोर कमोड असेल तर ते तिथेच अडतं. फ्रंट लोडमध्ये थरथर आवरायला काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं, त्यामुळे ते ६०-७० किलोपर्यंत भरतं. ते तिरकं करून उचलणं दोघांनाही जड जातं, आणि दुरुस्तीच्या वेळी हीच कसरत पुन्हा.

स्वयंपाकघरात वेगळीच गंमत होते. ओट्याची उंची लोक वरच्या फरशीपर्यंत मोजतात, मशीनला हवी असते ती खालची. ८५ सेंमीच्या ओट्याखाली ८५ सेंमीचं मशीन जात नाही.

पाणी: इथे बाथरूम जिंकतं

इनलेट पाइप फुटला, जोड निसटला किंवा मशीन भरून वाहिलं, तर बाथरूममध्ये पाणी जाळीतून निघून जातं. फरशीला उतार आहे, खाली वॉटरप्रूफिंग आहे. तेच पॅसेजच्या कपाटात झालं तर पाणी खोल्यांत शिरतं आणि खालच्या घराच्या छतावर डाग उमटतात. माझ्या मते बाथरूमच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा, तरी जागेच्या हिशेबात तो फार कमी जणांच्या लक्षात येतो.

आउटलेटचं गणित मात्र समजून घ्यायला हवं. पंप असलेल्या मशीनचा, म्हणजे जवळपास सगळ्या फ्रंट लोडचा, आउटलेट पाइप जमिनीपासून ६० ते १०० सेंमी उंच नेऊन मग खाली सोडायचा असतो. तो नुसता जाळीजवळ टाकून ठेवला तर वक्रनलिकेसारखं पाणी आपोआप खेचलं जातं. मशीन भरत राहतं, पाणी वाहत राहतं, आणि कपडे धुतलेच जात नाहीत. पाइप भिंतीतल्या नळीत घट्ट कोंबूनही हेच होतं, कारण हवेला वाट उरत नाही. उलट, पंप नसलेल्या टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाणी आपल्या वजनानेच खाली जातं. त्यांचा पाइप उंच नेला की पाणी आतच राहतं, म्हणून ती जाळीपेक्षा वर, स्टँडवर किंवा छोट्या ओट्यावर ठेवावी लागतात. घरात कुठलं मशीन येणार हे ठरल्याशिवाय प्लंबरला बोलावू नका.

आंघोळीचं पाणी आणि मशीनचं पाणी एकाच ट्रॅपला, म्हणजे जाळीखाली पाणी धरून वास अडवणाऱ्या वळणाला, जोडलं असेल तर पंप सुरू होताच फेस जाळीतून वर येतो. मशीनसाठी ५० मिमीची स्वतंत्र नळी ट्रॅपच्या पुढच्या लाइनला, तिचा वेगळा ट्रॅप देऊन, जोडली की हा त्रास बहुतेक थांबतो.

उतार पाण्याला हवा, मशीनला नको. तिरक्या फरशीवर मशीन पिळताना थरथरत पुढे सरकतं. पाय फिरवून, लेव्हल लावून ते सपाट करावं लागतं, आणि उतार जास्त असेल तर खाली सपाट ओटा बांधावा लागतो. पाण्याचा दाबही बघा. टाकी मशीनच्या वर जेमतेम ३ मीटर असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास भरतो, आणि काही मशीन त्याहून जास्त मागतात. हा आकडा मशीनच्या माहितीपत्रकात दिलेला असतो.

वीज: इथे बाथरूम हरतं

आयईसी, म्हणजे विजेची मानकं ठरवणारी जागतिक संस्था, तिच्या आंतरराष्ट्रीय मानकात बाथरूमचे विभाग पाडलेले आहेत. टब असेल तर त्याच्या कडेपासून ६० सेंमीच्या आत, आणि तळाला ट्रे नसलेला शॉवर असेल तर शॉवरपासून १२० सेंमीच्या आत, मशीनचा सॉकेट बसवायचा नाही. बाहेर बसवला तरी ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडणाऱ्या आरसीसीबी स्विचचं संरक्षण हवं. काही देशांचे नियम याहून कडक आहेत. लहान बाथरूममध्ये शॉवरपासून १२० सेंमी मोजून बघा, पुष्कळदा माप दाराबाहेरच जातं. तसं असेल तर माझ्या लेखी चर्चा तिथेच संपली. आतला सॉकेट प्लास्टिकच्या झाकणाने ‘सुरक्षित’ करण्याच्या सल्ल्याला बळी पडू नका, आणि एक्स्टेंशन बोर्ड आत नेण्याचा विचारही नको.

दुसरी अडचण भाराची. पाणी तापवणारं मशीन सुमारे २००० वॉट घेतं, गीझरही साधारण तेवढंच. दोन्ही १६ अँपिअरच्या एकाच लाइनवर एकदम चालू झाले तर भार लाइनच्या क्षमतेबाहेर जातो आणि एमसीबी, म्हणजे जास्त भाराला वीज तोडणारा स्विच, पडू शकतो. मशीनला बोर्डापासून वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग द्या. स्वयंपाकघरात किंवा पॅसेजमध्ये हेच काम कितीतरी सोपं होतं.

ओल आणि वास

मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वेगाने पिळून निघालेल्या कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ ६० टक्के पाणी उरतं. म्हणजे सहा किलोच्या धुण्यात साडेतीन लिटर. ते बाथरूममध्ये दोरीवर घातलं की सगळं तिथल्याच हवेत जातं. आधीच आंघोळीची वाफ, त्यात हे. मग छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके, टॉवेलला कुबट वास, आरसा कायम धुरकट. म्हणूनच वाळवणं नको म्हणते मी.

एक्झॉस्ट पंखा लावला की झालं असं नसतं. पंखा हवा बाहेर काढतो तेव्हा आत येणारी हवाही हवी. दाराखाली दोन सेंमीची फट किंवा जाळी नसेल तर पंखा नुसताच घुमतो. ड्रायर घ्यायचा विचार असेल तर हीट पंपचा घ्या. तो वाफेचं पाणी करून टाकीत किंवा नळीत सोडतो. नळीने गरम हवा बाहेर टाकणारा ड्रायर बाहेरच्या भिंतीशिवाय निरुपयोगी. धुणारं आणि वाळवणारं एकत्र मशीन जागा वाचवतं खरं, पण वाळवण्याची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते. पूर्ण भरून धुतलं तर अर्ध्या कपड्यांना दुसरी फेरी.

मशीनच्या पत्र्यालाही ओल मानवत नाही. शॉवरचे शिंतोडे रोज बसत असतील तर खालच्या कडेने गंज सुरू होतो. मध्ये काचेची आडभिंत असेल तर बराच फरक पडतो.

माणसं किती, बाथरूम किती

एका फेरीला एक ते तीन तास लागतात. एवढ्यात कोणी आंघोळीला गेलं तर चालतं, पण धुणं झालं की कपडे काढायचे कधी? ओले कपडे मशीनमध्ये तासन्‌तास पडले की वास धरतात. एकट्या-दुकट्याला याचा काही त्रास नाही. मोठ्या कुटुंबात सकाळी यावरून रोज वाद.

बाहेरच्या जागांचं काय?

स्वयंपाकघरात पाणी, वीज, निचरा तिन्ही जवळ, त्यामुळे काम स्वस्तात आटोपतं. पण पिळतानाचा आवाज जेवणाखोलीपर्यंत येतो आणि मळक्या कपड्यांचा ढीग अन्नाजवळ येतो. ज्यांना तेवढं चालतं त्यांच्यासाठी लहान घरातला हा सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय.

बाल्कनी बंदिस्त असेल तर उत्तम, कारण वाळवणही तिथेच होतं. उघडी असेल तर उन्हाने पाइप कडक होऊन तडकतात, पावसाने बोर्ड भिजतो, आणि कडाक्याच्या थंडीत पाइपातलं पाणी गोठू शकतं. आणखी एक गोष्ट: बाल्कनीतला पन्हाळीचा पाइप पावसाच्या पाण्याचा असतो. त्यात साबणाचं पाणी सोडणं पुष्कळ ठिकाणी नियमबाह्य आहे आणि शेजाऱ्यांशी भांडणाचं निमित्तही. सांडपाण्याची लाइन तिथे पोचते का, हे आधी विचारा.

पॅसेजमधलं कपाट दिसायला नीटनेटकं, वापरायलाही सोयीचं. मात्र निचऱ्याच्या पाइपला मीटरमागे दोन सेंमी तरी उतार लागतो आणि खाली गळती झेलणारा ट्रे हवाच. लाइन लांब न्यायची असेल तर फरशी फोडण्याची तयारी ठेवा.

शॉवर एका टोकाला, मशीन दुसऱ्या कोरड्या टोकाला आणि सॉकेट नियमाच्या अंतरावर बसत असेल, तर एक-दोन माणसांच्या घरात मी मशीन बाथरूममध्येच ठेवीन आणि कपडे खिडकीपाशी किंवा बाल्कनीत वाळत घालीन. यातली एखादी गोष्टही जमत नसेल तर पहिली पसंती स्वयंपाकघर, मग बंदिस्त बाल्कनी. भाड्याच्या घरात पॅसेजचा विचारही करू नये, तोडफोडीचा खर्च परत मिळत नाही.

बाथरूम नव्याने करत असाल तर टाइल्स लागायच्या आधी दोन्ही नळ्या आणि वीज भिंतीत टाकून घ्या. मशीनचा नळ मागे न घेता बाजूला, हात पोचेल असा घ्या. धुणं संपलं की तो बंद करायचा असतो, आणि मागे असेल तर कोणी करत नाही.